तिळ्या ताट सोडतो

शनिवार, १२ ऑगस्ट २००६

आज पुन्हा तेच! शशिकांतकाका जेवायला आले होते. काकांचे ऑफिसातले मित्र, तोंडाला कुलूप नाही. "काय रे कुशल, डिप्लोमा अर्धा टाकून इथे अमेरिकेत शॉमबर्गला कुत्र्यांना आंघोळ घालायला आलास?" सगळे हसले. काकाही हसले. उल्काकाकूने माझ्या ताटात न विचारता आणखी एक पोळी टाकली. तिची सहानुभूती नेहमी पोळीतूनच येते.

आंघोळ घालतो, हो! वेनच्या केनेलवर लोकांची कुत्री सांभाळतो, त्यात आंघोळही येते. पण वेन शिकारीची पिल्लंही वाढवतो आणि ते काम तो फक्त मला शिकवतो. हे जेवताना कोणाला सांगणार? बाबा दोन हिवाळे काढून कंटाळून गावी परतले तेव्हापासून या घरात मी म्हणजे "तो मागे राहिलेला". काकांनीच आम्हाला बोलावलं, त्यांचे उपकार आहेत, मान्य. म्हणून रोज टोमणे खायचे?

तिळ्या मात्र माझा आहे. म्हणजे, अजून व्हायचा आहे. पांढऱ्या अंगावर तीळ सांडल्यासारखे तपकिरी ठिपके, म्हणून तिळ्या. वेनच्याच कुत्रीचं पिल्लू. लहान असताना पिंपाचं झाकण पडलं की दचकायचा, म्हणून कोणी घेतलं नाही; आता आमच्या गॅरेजमध्ये राहतो. वेनने माझ्या हातावर हात मारून अट घातली, "आयोवात फेझंटचा मोसम सुरू होतो त्या दिवशी आपण तिघं जाऊ. बंदुकीच्या बाराला घाबरला नाही तर तुझा. घाबरला तर कॅन्ससला एक म्हातारी बाई आहे, तिला घरात सोबतीला कुत्रा हवाय. माझ्याकडचा भित्रा कुत्रा मी शिकाऱ्याच्या हातात ठेवत नाही."

फेझंट म्हणजे लांब शेपटीचा, रानकोंबड्यासारखा पक्षी. मोसम २८ ऑक्टोबरला सुरू होतो.

रविवार, २० ऑगस्ट

चांगला दिवस. वेनची पद्धत अशी: कुत्रा जेवत असताना खूप लांबून टिकल्यांचं पिस्तूल वाजवायचं. त्याने मान वर केली नाही तर पुढच्या वेळी थोडं जवळून. मग मोठं पिस्तूल, मग खरी बंदूक, तीही आधी लांबूनच. घाई केली की संपलं. "घाईने बिघडवलेला कुत्रा दुरुस्त होत नाही," वेन म्हणतो.

आज वेनने कुंपणापलीकडून टिकल्या वाजवल्या. मी ताटाजवळ उभा होतो. तिळ्याने मान वर केली नाही! खात राहिला!

आयोवाचा नकाशा भिंतीवर लावला. सरकारी गवताळ रानं हिरव्या पेन्सिलीने रंगवली. मिसिसिपी ओलांडली की पुढे दोन तासांवर एक ओढा आहे, दोन्ही बाजूंना मका, मध्ये उंच गवत. वेन म्हणतो, पाळलेले पक्षी सोडून मारणं वेगळं आणि रानातला पक्षी वेगळा. रानातला पळतो, लपतो, फसवतो. आणि फक्त नर मारायचा. मादी उठली तर बंदूक खाली. मला रोज स्वप्नात मादीच उठते.

सोमवार, २८ ऑगस्ट

रागात लिहितोय, अक्षर खराब येणार. येऊ दे.

काल गणपती बसले. मी संध्याकाळी केनेलवर होतो. आज काकांची इशिता सहज बोलून गेली, "दादा, तिळ्या लव्ह्ज आरती! ही सॅट राइट नेक्स्ट टू मी!" म्हणजे काय? म्हणजे काकूने तिळ्याला गॅरेजमधून आणून हॉलमध्ये बसवला. हॉलमध्ये पंचवीस माणसं. झांजा, घंटा, टाळ्या, आणि शशिकांतकाका स्टीलचं ताट पळीने बडवत होते, कारण झांजांची जोडी कमी पडली!

आणि वर खिरापत. आरती संपली की काकू त्याला तळहातावर खिरापत देते!

"बेदाणे होते त्यात?" मी ओरडलो. "बेदाणे कुत्र्याला विष असतात!"

"वेचून काढले होते रे. मी काय अडाणी आहे? खोबरं-साखर नुसती. सगळ्यांनी हात पुढे केले, तो बिचारा तोंडाकडे बघत बसला. देवाच्या दारात कोणाला 'नाही' म्हणू?"

आम्ही लांबून एक-एक टिकली वाजवत होतो. यांनी एका संध्याकाळी त्याच्या कानाशी अख्खा तमाशा केला.

मंगळवार, २९ ऑगस्ट

गॅरेजला कुलूप लावलं. काका म्हणाले, "माझ्या गॅरेजला तुझं कुलूप?" काढलं.

रविवार, १० सप्टेंबर

ज्याची भीती होती तेच झालं.

आज वेनने टिकल्या वाजवल्या, पूर्वीइतक्याच लांबून. तिळ्याने ताट सोडलं! तोंडातला घास टाकला, माझ्याकडे आला, नाक माझ्या मुठीत खुपसलं. लाळेने हात भिजला. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच.

वेन कुंपणावरून चालत आला. वाकून तिळ्याचे कान चाचपले. मग म्हणाला, "आसरा शोधतोय. मागच्या महिन्यात खात होता ना? काय झालं मध्ये?"

काय सांगू? आमच्या घरी एक देव दहा दिवस राहायला येतो आणि त्याच्यासाठी ताटं बडवतात?

"घरी पाहुणे होते," म्हटलं. मला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याचाही राग आला.

मी पुस्तकात पाहिलं. भेदरलेल्या कुत्र्याची लक्षणं: खाणं सोडणं, माणसाला चिकटणं, थरथर, लाळ. चारही.

शनिवार, ३० सप्टेंबर

नवरात्रातही! रोज! मी संध्याकाळी कामावर आणि इकडे रोज आरतीला तिळ्या! इशितानेच सांगितलं. तिला वाटलं मला आनंद होईल.

काकूशी आज बोललो नाही. जेवलो नाही. तिने ताट झाकून खोलीबाहेर ठेवलं. पोळ्या चार.

रविवार, ८ ऑक्टोबर

आयोवाचा परवाना आला. बंदूक साफ करून ठेवली. नारिंगी जाकीट मोठं होतं, काकूच्या मशीनवर मीच बाह्या आत घेतल्या. काकू दारातून बघत होती.

काका पेपरमागून म्हणाले, "अठ्ठावीसला कुठला वार?"

"शनिवार."

"शनिवारी आपल्या घरात मांस शिजत नाही. तुझ्या त्या कोंबड्याला सांग, रविवारी मर."

हा विनोद होता असं मला काही वेळाने कळलं. तोवर मी दार आपटून बाहेर आलो होतो. तिळ्या दाराच्या आवाजाने उठला आणि माझ्याकडे आला. बघा! दाराचा आवाजसुद्धा सहन होत नाही त्याला.

मी चिडलो की तो जांभई देतो आणि माझ्या बुटावर डोकं ठेवून झोपतो. कॅन्ससची म्हातारी कसले बूट घालत असेल?

शनिवार, २१ ऑक्टोबर

दिवाळी. लक्ष्मीपूजन. हे लिहून काढलं नाही तर मी काहीतरी फोडेन.

दिवाळी म्हणून केनेलवर सुट्टी मागितली नाही, कारण शनिवारी गर्दी असते आणि पुढचा शनिवार मला मोकळा हवा होता. घरी आलो तर अंगणात फटाक्यांच्या दारूचा वास आणि ड्राइव्हवेवर लाल कागदांचा चिखल. शशिकांतकाकांनी चार जुलैची उरलेली लवंगी माळ लावली. अख्खी! गॅरेजचं दार उघडं होतं, इशिता सायकल काढत होती. तिळ्या दारातच बांधलेला. पट्टा तुटलेला.

गल्लीभर हाका मारल्या. नंतर तो सापडला तो घरातच. देव्हाऱ्यासमोर, सतरंजीवर बसलेला. अंग थरथरत होतं, सतरंजी लाळेने भिजली होती. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही त्याने.

"अरे कुशल, ऐक तरी," काकू मागून आली, "तो घाबरून नाही आला, तो सरळ येऊन —"

"तुम्हाला कुत्र्यातलं काय कळतं!"

एवढ्या मोठ्याने मी या घरात कधी बोललो नव्हतो. शशिकांतकाका जिन्यावर उभे होते, म्हणाले, "सॉरी यार, कुत्रा शिकारी आहे ना? मला वाटलं त्याला सवय असेल." काका म्हणाले, "माझ्या घरात काकूवर आवाज चढवायचा नाही. सणाच्या दिवशी तर नाहीच."

काकू पणत्या लावत राहिली.

रविवार, २२ ऑक्टोबर

फराळाला हात लावला नाही. चिवड्याचा वास खोलीपर्यंत येतोय.

सोमवार, २३ ऑक्टोबर

वेनला सगळं सांगितलं. गणपती, नवरात्र, माळ, सगळं. देवाला ताट बडवतात हेसुद्धा. तो हसला नाही. टोपी काढून डोकं खाजवलं.

"आता शनिवारपर्यंत एकही आवाज नको," म्हणाला. "बघितल्याशिवाय मी निकाल देत नाही. पण कॅन्ससला फोन करून ठेवतो."

म्हणजे निकाल लागलाच की!

शुक्रवार, २७ ऑक्टोबर, आयोवा

मोटेलवर आहोत. वेन पलीकडच्या पलंगावर घोरतोय, तिळ्या माझ्या बुटांवर.

निघताना पहाटेच काकू बाहेर आली. अंगावर शाल, पायात काकांच्या चपला. वेनच्या ट्रकच्या खिडकीतून एक छोटा स्टीलचा डबा आत दिला. "त्याला दे चिमूटभर. वाट बघतो तो." उघडला तर खिरापत!

इतकं होऊन खिरापत! मी "हं" म्हटलं आणि डबा सीटखाली ढकलला. वेनने विचारलं, "लंच?" मी म्हटलं, "नाही. काही नाही."

गाडी वळली तेव्हा आरशात ती अजून उभी होती. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिने त्याच्यावर माया केली आणि मायेने त्याची वाट लावली, हे तिला कधी कळणारही नाही. त्याचाच सर्वांत जास्त राग येतो.

डोळे धुवायचं औषध, काटे काढायचा चिमटा, पाणी, गळ्यातली घंटा, सगळं पुन्हा तपासलं. का तपासलं माहीत नाही. उद्या परत येताना तो माझा नसेल.

शनिवार, २८ ऑक्टोबर, सकाळी

ट्रकमध्ये बसून लिहितोय. वेन कॉफी ओततोय.

आठच्या आधी बार टाकता येत नाही, म्हणून गवतापाशी नुसते उभे होतो. दहिवर इतकं की गुडघ्यापर्यंत भिजलो. आणि मग तिळ्या! असा चालला की मी त्याला ओळखलाच नाही. वाऱ्याला तोंड, गवतात नागमोडी, घंटा किणकिणत. ओढ्याच्या वळणावर घंटा एकदम थांबली. पाहतो तर एक पाय वर, शेपूट ताठ, डोळ्याची पापणी हलत नाही: पॉइंट, पुढे पक्षी असल्याची खूण. कोणी शिकवलं याला? मी नाही. वेनही नाही.

मी पुढे गेलो, गवत फाटलं, मादी उठली. बंदूक खाली. स्वप्नातल्यासारखीच! पण तिळ्या जागचा हलला नाही. वेन हलकेच म्हणाला, "असं नाक मी दहा वर्षांत पाहिलं नाही." आणि लगेच तोंड फिरवलं, कारण पुढचं वाक्य आम्हा दोघांनाही माहीत होतं.

अजून बार झालेला नाही. होऊच नये असं वाटतंय. शशिकांतकाका, काका, काकू, सगळ्यांना इथे या गवतात आणून उभं करावं आणि म्हणावं — बघा, हे बिघडवलंत तुम्ही!

वेन दार ठोठावतोय.

त्याच दिवशी, दुपारी

पुन्हा पॉइंट. या वेळी नर उठला, तांबूस, लांब शेपटीचा, केवढा गोंगाट करत! मी बार टाकला. पडला. तिळ्याने पडलेल्या पक्ष्याकडे पाहिलं नाही. वळला, धावत माझ्याकडे आला, पुढ्यात बसला. थरथर. लाळ.

"सॉरी, किड," वेन म्हणाला. मग तो खूप लांब चालत गेला आणि खात्रीसाठी स्वतः एक बार हवेत टाकला.

भेदरलेला कुत्रा बंदुकीपासून पळतो. तिळ्या बंदुकीकडे पळाला! वेनच्या पुढ्यात जाऊन बसला, ताठ, शेपूट गवतावर आपटत, नजर त्याच्या उजव्या तळहातावर.

"हा मागतोय तरी काय?" वेन तिकडून ओरडला.

"प्रसाद!" मी ओरडलो, आणि सीटखालचा डबा आणायला ट्रककडे पळत सुटलो.