सारसांची हाक शाबूत आहे

रविवार संध्याकाळ, शास्त्री नगर

कानोत्याच्या धरणावर टिपलेल्या सारसांच्या सगळ्या हाका मी आज कॉम्प्युटरवरून पुसून टाकणार होते! आठवडाभर फाइल उघडली की ‘खराब’. हार्ड डिस्कला शिव्या घालून झाल्या, जयपूरच्या धुळीलाही.

पण चहा ओतता ओतता माझा नवरा शिरीष म्हणाला, “अगं, काल ही हाक सुरुवातीला तुटत होती, आज शेवटी तुटतेय. फाइलच खराब असती तर रोज जागा कशी बदलेल?”

खरंच की! मग फाइल उघडताना ती जिथे तात्पुरती ठेवली जाते, त्या रॅमची तपासणी लावली, तर चुकांच्या लाल ओळी. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक उपसली आणि तीच फाइल परत लावली. नराची हाक सलग, मादीचं उत्तरही सलग!

रॅमच्या कोट्यवधी कप्प्यांतला एखादाच बिघडतो काय, आणि धडधाकट गोष्टींना खोटं पाडतो काय! डिस्कवर ओरखडासुद्धा नव्हता. वाचणाऱ्याचंच डोकं फिरलेलं. आणि मी हाकाच पुसायला निघाले होते?

पुन्हा लावली. नर, मादी, आणि मग, विसरलेच होते मी, माझीच कुजबुज: “शिरीष, हलू नकोस.”

कपबशा घेऊन निघालेला नवरा दारातच थांबला. हाक संपेपर्यंत हलला नाही.