आठानंतर सतरा

प्रिय ठमे,

राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय आणि सोमवारची पालकसभा झाली की मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात देणार, असं तू आईला फोनवर सांगितलंस. बाबांना बोलणार नाही असं तिने तुला कबूल केलं होतं, म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या तिने मला सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही, हे मी तुला काय नव्याने सांगायचं! पहिलीच्या पोरांकडून पाढे घोकून घ्यायचे सोडून बाई चित्रांची पुस्तकं दाखवत बसतात, अशी तक्रार आहे म्हणे. तीस पालकांच्या सह्या आहेत खाली. ऐकून माझं डोकंच फिरलं. आई म्हणाली, तुम्ही मध्ये पडू नका, तिचं ती बघेल. पण मी मध्ये पडतोय.

तू चार वर्षांची होतीस तेव्हाचं तुला किती आठवतं कोण जाणे. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात चुकून बांधली गेलेली पुस्तकं रद्दीत जायची. त्यातली चित्रांची मी घरी आणायचो. विचारून आणायचो हं, उगाच काही मनात आणू नकोस. कुणाचं मुखपृष्ठ उलटं, कुणाचं एक पान दोनदा. त्यातच ते मोजायचं पुस्तक होतं. पहिल्या पानावर एक बकरी, दुसऱ्यावर दोन बदकं, असं चोवीस मुंग्यांपर्यंत. आठ आठ पानांच्या तीन जुड्या, आणि शिवताना मधली शेवटी गेलेली. त्यामुळे आठ चिमण्या झाल्या की पुढच्या पानावर एकदम सतरा बेडूक. तू तेच पाठ केलंस. सहा, सात, आठ, सतरा, अठरा! आल्यागेल्यासमोर घडाघडा म्हणायचीस आणि आम्ही दोघं कौतुकाने बघत बसायचो. आई हसायची, मी तिला गप्प करायचो.

शाळेत मात्र बाई हसल्या, वर्ग हसला. दुसरी एखादी रडत आली असती. तू आलीस ती दप्तर फेकून थेट पुस्तकाशी बसलीस. बोट ठेवून चिमण्या मोजल्यास, बेडूक मोजले. संध्याकाळी मी दारात चपला काढतोय तोवर फर्मान निघालं, की प्रत्येक पानावर एकच वाढतंय, मग इथे एकदम नऊ जास्त कसे झाले, पुस्तक चुकलंय, दोरा कापा. मी कापला. तू सगळी पानं जमिनीवर मांडलीस, आईला स्वयंपाकघरातून बाहेर यायला वाट ठेवली नाहीस, आणि क्रम लावून दिलास. मी पुन्हा शिवलं. मला तुझा फार अभिमान वाटला गं त्या दिवशी. आणि खरं सांगतो, भीतीही वाटली.

पुढे तू सात वर्षांची झालीस आणि बेकरीचं पुस्तक आलं. पानभर ट्रे आणि प्रत्येक ट्रेमध्ये सहा सहा पाव. मी कामावरून आलो की हात धुऊन तुझ्यासमोर बसायचो आणि ऐटीत म्हणायचो, चल, समजावून सांग, बघू तुला येतं का. तू ट्रेवरून बोट फिरवत सांगायचीस. मी भुवया वर करून ऐकायचो आणि मुद्दाम म्हणायचो, नाही पटलं, परत सांग. तू वैतागायचीस. बाबा फार कडक परीक्षा घेतात, असं मैत्रिणींना सांगत फिरायचीस.

ठमे, मी परीक्षा घेत नव्हतो. मला येत नव्हतं.

दुसरीत असताना पाढे चुकले म्हणून मास्तरांनी लाकडी पट्टीने इतकं मारलं की मी शाळेत पुन्हा पाऊल टाकलं नाही. मामाने कारखान्यात चिकटवलं. वाचायला तिथे शिकलो, पुस्तकं हाताखालून जायचीच. आकडे दिसले की मात्र ती लाकडी पट्टी आठवायची. हिशेबाचं काही आलं की मशीनवरच्या मिशाळ दोस्ताला बिडी द्यायची आणि त्याच्याकडून करून घ्यायचं. एका ट्रेमध्ये सहा, म्हणजे तीन ट्रेमध्ये अठरा, हे मला तुझ्या बोटामागे डोळे फिरवताना पहिल्यांदा दिसलं. मला चाळिशी लागली होती तेव्हा. मुकादमाच्या जागेसाठी लेखी घेतली, त्यात विचारलं होतं, सोळा पानांची एक अशा सहा जुड्यांचं पुस्तक, तीन हजार प्रती, तर जुड्या किती? मी डोळे मिटले आणि ट्रे मांडले. अठरा हजार. बाकीचे अजून पेन चावत होते! जागा मला मिळाली. तू पेढ्यासारखं गोड हसून म्हणालीस, माझे बाबा हुशारच आहेत. तेव्हा सांगायला हवं होतं. लाज वाटली. बाप होतो ना.

आता ते तीस पालक म्हणतात, चित्रं बघून कुठे गणित येतं का. सोमवारी मी पहिल्या गाडीने येतोय. परक्या माणसाला बोलू देणार नाहीत म्हणशील, तर पालकसभाच आहे ना? मीही पालक आहे, तुझा. उभं राहून सगळं सांगणार आहे, पट्टीपासून अठरा हजारांपर्यंत. त्यानंतर राजीनामा द्यायचा की नाही ते तू ठरव, मी चकार शब्द काढणार नाही. आईला अजून माहीत नाही, तिला आज जेवताना सांगतो. पण माझ्या लेकीने ही गोष्ट परक्या माणसांच्या गर्दीत पहिल्यांदा ऐकावी, हे मला बरं वाटेना, म्हणून आधी तुला लिहिलं. सभेत माझ्याकडे बघून रडू नकोस हं, मग मला पुढचं बोलता येणार नाही.

तुझाच,
बाबा