अथमान नावाचा पाणघोडा

शाबान ३, सोमवार

तो पुन्हा आला! मगरिबची नमाज संपते न संपते तोच मागच्या अंगणात गवत तोडल्याचा आवाज, आणि पाठोपाठ म्वानाहवाची हाक — "आलास का रे, अथमान?"

नदीतून वर चरायला येणाऱ्या पाणघोड्यांना या गावात नावे ठेवण्याची रीतच आहे. टपालकचेरीमागे येते ती सुलताना. फाटक्या कानाच्या या नराला माझ्या पत्नीने आपल्या पहिल्या नवऱ्याचे नाव दिले. अथमान नाखवा — गलबतासकट समुद्रात गेलेला. त्याला जाऊन इतकी वर्षे झाली, आणि आता तो रोज संध्याकाळी माझ्याच अंगणात उभा! गावात कोणालाही यात काही वावगे वाटत नाही. मला वाटते.

शाबान ४

तर्काने पाहू. मत्सराला प्रतिस्पर्धी लागतो. मेलेला मनुष्य प्रतिस्पर्धी नव्हे. पाणघोडा मनुष्यच नव्हे. म्हणून मला मत्सर वाटत नाही.

युक्तिवाद निर्दोष आहे. जेवण मात्र गेले नाही.

शाबान ७, शुक्रवार

दुपारी नारळाच्या दुधातला भात आणि माशाचे कालवण. वाढता वाढता म्वानाहवा म्हणाली, "बाजारात सगळे म्हणतात, यंदा मासळी कमीच."

"सगळे म्हणजे कोण? किती जणांना विचारलेस?"

"दोघींना."

"मग दोघी म्हण."

"बरं. दोघी."

त्यानंतर हात धुवायला पाणी देईपर्यंत एक शब्द नाही. संध्याकाळी मागच्या अर्ध्या दाराशी मात्र तिचे बोलणे संपेना. मध्येच हसली — मोकळे, मुलीसारखे! दाराआडून ऐकणे माझ्या इभ्रतीला शोभणारे नाही. पुढच्या कट्ट्यावर बसून शब्द कळत नाहीत, फक्त सूर कळतो. तो सूर माझ्या वाट्याला कधी आलेला नाही.

शाबान ८

आज पपईच्या सालीही त्याला!

शाबान ११

गावातील वडीलधारे कट्ट्यावर आले. पुढे कोम्बो, नदीकाठी ज्याची भातशेती आहे तो. कॉफीचा पहिला घोटही न घेता त्याने सुरुवात केली. "बदावी काझी, तुमच्या त्या पाहुण्यानं माझं सगळं रोप लोळवलं."

"तो माझा पाहुणा नव्हे."

"बरं, बाईंचा म्हणू."

बाकीचे कपात पाहून हसले. मी हसलो नाही.

प्रश्न असा: गावाने एकमुखाने मागणी केली तरच वन्यप्राण्यांचे रक्षक येऊन गोळी घालतील. निम्मे लोक म्हणतात, मारा. निम्मे म्हणतात, काटेरी कुंपण घाला, डबे वाजवा. काझीपदावरून उतरून मला बराच काळ लोटला, तरी माझा निर्णय सर्वांना मान्य असतो. "तुम्ही सांगाल ते," कोम्बो म्हणाला.

दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

शाबान १२

ज्याचा वादात हितसंबंध आहे त्याने निवाडा करू नये, हे मी आयुष्यभर इतरांना शिकवले. आता प्रश्न — माझा यात हितसंबंध आहे काय? असेल, तर तो मत्सराचाच असणार. आणि मला मत्सर वाटत नाही हे ४ तारखेस सिद्ध झालेले आहे. सबब, मी पात्र आहे.

पुन्हा वाचले. दोष सापडत नाही. याचीच शंका येते.

शाबान १३

निर्णय दिला. मारावे.

"पण कुंपणाचं काय, काझीसाहेब?" मागून कोणीतरी विचारले. मी म्हणालो, कुंपणाने शेत वाचेल, वाट वाचणार नाही. मदरशातली मुले त्याच वाटेने घरी जातात. जनावर बुजले की अंगावर येते, आणि डबे वाजवून ते बुजणारच.

प्रत्येक वाक्य खरे होते. सगळी मिळून खरी होती का, हे कोणी विचारले नाही.

घरात सांगितले. म्वानाहवा तांदूळ निवडत होती. "बरं," म्हणाली.

शाबान १८

सूर्य मावळायच्या सुमारास दोन बार झाले. आम्ही ते मांस खात नाही. वरच्या गावचे लोक टोपल्या घेऊन आले आणि होड्या भरून घेऊन गेले.

म्वानाहवा मागच्या दाराशी उभी. अंगण रिकामे. मी जवळ गेलो, शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो, "रडायचे असेल तर रड. अथमानवर तुझे प्रेम होते. त्यात लपवण्याजोगे काही नाही."

ती माझ्याकडे वळली.

"प्रेम? अहो, अकरा वर्षं त्या माणसानं मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. तोंड उघडलं की पायताण! आणि मेला तोही असा समुद्रात, की माझं सगळं पोटातच राहिलं. हा आपला आयता समोर येऊन उभा राहायचा. मान खाली, उलट उत्तर नाही. रोज थोडं थोडं काढायचे."

"मग हसायचीस ती?"

"शिव्या घालताना मजा येते हो! आणि साल फेकून मारली की तोंड कसं करायचा..." पदराने नाक पुसले. "बिचारा. त्याचा काय दोष होता?"

शाबान १९

एका निरपराध जनावराचा जीव माझ्या युक्तिवादाने गेला. आणि तरीही — लिहायला लाज वाटते — काल रात्री मला फार गाढ झोप लागली. प्रतिस्पर्धी नव्हताच! सकाळी चहात साखर जास्त पडली होती, तीही गोड मानून प्यालो. तिला तसे सांगितलेदेखील: "साखर जास्त आहे, पण चालेल."

"बरं," म्हणाली.

शाबान २७

अंगणात नवा पाणघोडा आला. तरुण आहे, डोके मोठे. म्वानाहवा अर्ध्या दाराशी गेली, कमरेवर हात ठेवला.

"आलास का रे, बदावी?"

लग्नानंतर माझे नाव तिच्या तोंडून प्रथमच ऐकले. या वेळी कट्ट्यावरून उठलो आणि दाराआड उभा राहिलो. ती पुष्कळ वेळ बोलत होती. खोडून काढावे असे एकही विधान मला सापडले नाही.