पानगळीतली पाहणी

१२ फेब्रुवारी
इस्पितळाच्या बिनतारी लिंकचं काम माझ्याकडून काढून घेतलं! भावजींनी, सगळ्यांसमोर. "वहिनी, तुम्ही आता जरा आराम करा. मिलिमीटर लहरी हा नवा खेळ आहे." नवा? ही कंपनी ह्यांनी आणि मी मिळून उभी केली. हे गेले, धाकट्या भावाने खुर्ची पटकावली आणि आता मलाच शिकवतो! मुसळधार पावसात सिग्नल किती पडेल हे माझं गणित मात्र जसंच्या तसं उचललं. वर स्वतःचं नाव.
याची फजिती बघितल्याशिवाय मी निवृत्त होणार नाही.

१५ फेब्रुवारी
भावजी स्वतः पाहणीला आमच्या ऑफिसच्या गच्चीवर. मीही मुद्दाम गेले. दुर्बीण लावून म्हणतात, "इस्पितळाची गच्ची स्वच्छ दिसते. अँटेनाला एवढा उंच खांब कशाला? निम्मा करा."
दिसणारच! मधल्या रस्त्यावरची झाडं उघडीबोडकी आहेत. ही लहर सुतासारखी सरळ जाते. ओल्या पानांचा झुबका आडवा आला की संपलं. झाड पानांसकट मोजायचं, वर पुढच्या वाढीची जागा सोडायची — आमच्याकडे नवा माणूस हे पहिल्याच आठवड्यात शिकतो. भावजी तेव्हा विक्री बघत होते.
ओठांवर आलं होतं. गिळलं.

१६ फेब्रुवारी
नाही सांगणार.

३ मार्च
बुटका खांब बसला. लिंक लागली — दहा गिगाबिट, एकही चूक नाही. "बघितलंत वहिनी? उगाच घाबरवता तुम्ही!" म्हटलं, "छान झालं हो." इतका गोड आवाज माझा मलाच ओळखू येईना. इस्पितळाची जुनी केबल चालू आहे, म्हणजे रुग्णांचं काही अडणार नाही. तोंड काळं होईल ते एकाच माणसाचं.

१९ मार्च
फांद्यांना कोंब! चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहिले. लवकर या रे, लवकर.

२४ मार्च
उद्घाटन. टाळ्या, पाहुणे. भावजी माइकवर म्हणाले, "ही सगळी आखणी माझ्या वहिनीची. मी फक्त खांब रोवला. दादा असता तर—" खरंच रडत होते.
गच्चीवर पितळी पाटी लावली आहे. नाव एकच. माझं.
परतताना पाहिलं, झाडांची रांग पोपटी झाली आहे. उद्याच उंच खांब मागवायला हवा — पण इतके दिवस का बोलले नाही, ते काय सांगू?