'आनेकल बाय फाइव्ह'ची खरी पट्टी

आधी खर्च लिहितो, कारण तो आजवर कुठल्याच कागदावर आलेला नाही. 'आनेकल बाय फाइव्ह' या गाण्याला खरा खर्च आला तो असा: एक गळा, त्यावर दोन शस्त्रक्रिया, दोन जिवलग मित्रांचा वीस वर्षांचा अबोला, आणि माझ्या बाजूने एक वाक्य, चार शब्दांचं. जमेला काय, तर जनरेटरमधलं अर्धा लिटर डिझेल वाचलं.

मी, कृष्णात मल्लाप्पा चौगुले, वय अडुसष्ट, धंदा ध्वनिमुद्रण, मूळ गाव निपाणी, पन्नास वर्षांपासून मुक्काम बेंगळूर, सध्या राहणार जयनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणी न सांगता लिहितो आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसं डॉक्टर सौम्यांनी तपासून सांगितलं. हृदय ठिकाणावर नाही, म्हणून सोमवारी छाती उघडणार आहेत. २०११ साली केलेलं मृत्युपत्र याने रद्द समजावं. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरंही पुरेसं नव्हतं. दुकान मी कन्नडमध्ये चालवलं, बिलं इंग्रजीत फाडली. कबुली मात्र मला मराठीशिवाय जमत नाही.

कलम १. जयनगरचं राहतं घर, खाली घर आणि वर स्टुडिओ, हे माझ्या स्वकमाईचं आहे. ते माझी पत्नी धनलक्ष्मी हिला तहहयात, आणि तिच्यानंतर मुलगी प्रणिता हिला. प्रणिता एचएसआर लेआउटला राहते आणि दर दिवाळीला म्हणते, "बाबा, बिल्डरला देऊन टाका, तीन फ्लॅट मिळतील." मिळतील. पण आई हयात असेपर्यंत कुणी मोजपट्टी घेऊन जिना चढला तर त्याला मी भूत होऊन खाली ढकलीन. प्रणितालाच मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमतो. ती माझ्यावर रागावली तरी काम चोख करते.

बँकेतली शिल्लक आणि ठेवी सगळ्या धनलक्ष्मीच्या. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. पासबुकं कपाटात डाव्या बाजूला आहेत, ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम २. माझा कान. हा कुणाला देता येत नाही, तरी नोंद करून ठेवतो, कारण बाकी सगळं यातून आलं. सतराव्या वर्षी निपाणीहून आलो तेव्हा जवळ तारा कापायची एक कातर आणि एक कान. रेडिओ दुरुस्त करायचो. व्हॉल्व्ह गेलाय की कंडेन्सर, ते मी पेटी न उघडता सांगायचो. गल्लीत मला 'किवी अण्णा' म्हणू लागले. कन्नडमध्ये किवी म्हणजे कान. पुढे मद्रासचा एक फिल्मी स्टुडिओ बंद पडला, तिथलं आठ ट्रॅकचं टेप मशीन मी भंगारात उचललं आणि दोन वर्षं खपून जिवंत केलं. लोक मशीनसाठी नाही, कानासाठी यायचे. आणि ज्या गाण्यामुळे मला बेंगळूर ओळखतं, ते गाणं मुद्रणात अर्धा स्वर वर चढलंय हे त्या खोलीतल्या पाचही जणांत फक्त मला, त्याच दुपारी, लगेच ऐकू आले.

(इथे थांबून गच्चीवर दोन फेऱ्या मारून आलो. धनलक्ष्मी म्हणते बसा, पण बसवत नाही.)

कलम ३. टेप मशीन. हे कोणत्याही परिस्थितीत मकरंदला देऊ नये. मकरंद हा पुण्याहून आलेला तरुण, एचएसआरमध्ये काचेचा स्टुडिओ चालवतो, मला 'लेजंड' म्हणतो आणि पाया पडतो. त्याला मशीन स्वागतकक्षात ठेवायचंय, वर झाड ठेवणार म्हणे. मशीन चालू आहे. चालू मशीनवर कुंडी ठेवणाऱ्याचा मला राग आहे, आणि तो मी सोबत घेऊन जाणार आहे.

मशीन रविकिरणला. रविकिरण म्हणजे 'रेड ऑक्साइड' या बँडचा गिटारवाला. घराणं शहाजीराजांच्या काळापासून इथलं, त्यामुळे त्याचं मराठी ऐकून माझ्या बहिणीला वाटायचं हा कन्नड बोलतोय. त्याच्याबरोबर ९४ सालची मूळ टेपही, लाल खोक्यातली.

कलम ४. गच्चीवरचा डिझेल जनरेटर, सोल्डरिंगची सगळी हत्यारं आणि दोन्ही मीटर महांतेशला. महांतेश वीस वर्षं माझा भागीदार होता, आता बेंगळूरबाहेर आनेकलला विजेच्या मोटारींचं वाइंडिंग भरून देण्याचं वर्कशॉप चालवतो. हा जनरेटर कुणाला जुनं लोखंड वाटेल. 'रेड ऑक्साइड'मध्ये चार वादक होते असं कॅसेटवर छापलंय. तो छापण्यातला दोष आहे. पाचवा हा.

कलम ५. हे कलम चौथ्यांदा लिहितोय. आधीचे तीन कागद फाडले. आता जे जसं घडलं तसं.

९४च्या मार्चमध्ये आनेकलच्या एका कारखान्याच्या वार्षिक समारंभात 'रेड ऑक्साइड'चा कार्यक्रम झाला. आवाजाची व्यवस्था माझी. मानधन म्हणून प्रत्येकी एक शाल आणि एक नारळ मिळाला. बसभाडं बाजूला ठेवल्यावर खिशात एका कॉफीपुरतेच पैसे उरले. बेंगळुरात दोघांत एक कॉफी घ्यायची तर 'बाय टू' मागतात. ते चौघे अधिक मी. गायक हयवदन कट्टी, धारवाडचा, तोंडाने कायम पुढे. तो हॉटेलवाल्याला म्हणाला, "एक कॉफी, बाय फाइव्ह."

हॉटेलवाला म्हणाला, "बाय टू ऐकलं, बाय थ्री ऐकलं. बाय फाइव्ह म्हणजे कॉफी पिणार की तीर्थ घेणार?"

पण दिली. पाच पेल्यांत दोन-दोन घोट. रविकिरण चमच्याने त्या पाच पेल्यांवर वाजवू लागला, एक-दोन-तीन-चार-पाच, पुन्हा एक-दोन. हयवदनने त्यावर ओळ धरली. बस जयनगरला येईपर्यंत दोन कडवी झाली होती. महिनाभर आमच्या गच्चीवर तालीम झाली. धनलक्ष्मीला भजनी मंडळामुळे पेटी येते. ती मध्येच सूर द्यायची. पट्टी पांढरी दोन. हयवदनच्या गळ्याला ती अशी बसायची, जशी पायाला जुनी चप्पल. गाणं चांगलं होतं. थोडं सुस्त होतं. खरं सांगायचं तर कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटून दुसरं टाकायचं ठरलं होतं.

मुद्रणाच्या दिवशी वीज गेली. तेव्हा रोजच जायची. महांतेशने जनरेटर लावला, पण त्याची गुरगुर माइकमध्ये येत होती. मी खिडकीतून ओरडलो. त्याने काहीतरी पिळलं, गुरगुर कमी झाली.

"अण्णा, स्वल्प हळू केलंय. आता चालेल?"

"सरी, चालेल," मी म्हणालो.

आमचा स्टॅबिलायझर विजेचा दाब सांभाळायचा, तिची कंपनं नाही. टेप मशीनची मोटर कंपनांवर चालते. सेकंदाला पन्नास हवीत. महांतेशच्या जनरेटरचा काटा सत्तेचाळीसवर होता. म्हणजे टेप हळू फिरत होती आणि कुणाला दिसत नव्हतं. सगळं गाणं एका दमात झालं. मग वीज आली. आता पन्नासवर तीच टेप लावली, तर गाणं वेगाने आणि अर्धा स्वर वर. पांढरी दोनची काळी दोन झाली. हयवदनचा आवाज बारीक, कोवळा, घाईचा. जणू बस सुटली आहे आणि एक माणूस दाराची दांडी धरून पळतो आहे. ड्रमवाला शिवकुमार एवढंच म्हणाला, "हे आपण वाजवलं?"

कॅसेटवर ते पहिलं गेलं. त्या गाण्याने त्यांचं नाव केलं, माझंही केलं.

आता माझा भाग. दीड वर्षानंतर कार्यक्रमांत कॉलेजांतली पोरं ओरडू लागली, कॅसेटसारखं म्हणा, हे मेलेलं वाटतं. रविकिरण मूळ टेप ऐकायला माझ्याकडे आला आणि त्याने गिटार जुळवून बघितली. काळी दोन. हयवदनही बरोबर होता. खिडकीबाहेर शेंगदाणेवाला ओरडत होता, ते आठवतं.

हयवदन म्हणाला, "मी एवढं वर गायलोच नाही. माझा गळा मला माहीत नाही काय?"

रविकिरण म्हणाला, "टेपवर कुणाचा बाप गातोय मग? तूच. आळशी झालायस, बस्स."

दोघंही माझ्याकडे वळले. किवी अण्णाकडे. मला सगळं माहीत होतं. महांतेशला विचारून काट्याचा आकडाही घेऊन ठेवला होता. पण कानाच्या जोरावर चाललेल्या दुकानात, गाणं जनरेटरने लावलं असं कसं सांगायचं? उद्या कोण जिना चढेल? मी म्हणालो, "टेप खोटं बोलत नाही."

त्यानंतर हयवदन नऊ वर्षं ते गाणं काळी दोनमध्ये गायला. आधी रियाज वाढवला, मग ज्येष्ठमध, मग डॉक्टर. गळ्यात गाठी आल्या. पहिल्या शस्त्रक्रियेनंतरही रविकिरणने पट्टी उतरवू दिली नाही, आणि दुसरीनंतर दोघांचं बोलणं थांबलं. महांतेशने एकदाच मला विचारलं, "अण्णा, सांगू या का?" मी म्हणालो, बघू. तो माणूस तीस वर्षं माझ्या 'बघू'वर गप्प बसलाय. जनरेटर त्याला देण्याचं हेही एक कारण.

मागच्या वर्षी शिवकुमारच्या मुलीच्या लग्नात ते दोघे एका पंगतीत बसले आणि बोलले. येत्या डिसेंबरात 'रेड ऑक्साइड'चा शेवटचा कार्यक्रम आहे. शेवटी हेच गाणं. रविकिरणने गिटार पुन्हा काळी दोनला लावली आहे. डॉक्टर हयवदनला म्हणाले आहेत, वर ताणलंत तर उरलेला आवाजही जाईल. तो म्हणतो, एकदाच तर म्हणायचंय, टेपवर म्हटलंय ते खोटं पडायला नको.

हे ऐकल्यापासून मला झोप नाही. छातीमुळे नाही.

कलम ६. हयवदन कट्टी याला मी काहीही ठेवत नाही. घर नाही, वस्तू नाही, आठवण म्हणून पेला सुद्धा नाही. याचं कारण वकिलांनी सांगितलेला शिरस्ता: ज्याला काही मिळायचं आहे, त्याला साक्षीदार करू नये. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. मी सोमवारी मेलो तर ठीक. न मेलो तर डिसेंबर आधी येईल आणि हा कागद कपाटातच राहील. म्हणून त्याला मी साक्षीला बोलावलं आहे. सही करण्याआधी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं जाईल. तो धारवाडचा आहे, घरात आजी मराठी बोलायची, एक अक्षर चुकणार नाही त्याचं.

कलम ७. रविकिरणने मशीन, टेप आणि महांतेश यांना एका जागी आणावं. महांतेशने जनरेटर सत्तेचाळीसवर ठेवावा आणि त्यावर मशीन लावावं. त्या दुपारी हयवदन खरा कसा गायला ते ऐकू येईल. मग रविकिरणला जे म्हणायचं असेल ते त्याने हयवदनला म्हणावं, मला नको.

कलम ८. डोळे दान करावेत, फॉर्म भरला आहे. अंत्यविधीला हे गाणं वाजवू नये. कुणाला वाजवायचंच असेल तर आधी पट्टी विचारावी.

वरील सर्व मजकूर माझाच, माझ्या मनासारखा. कुणी हरकत घेतली तर त्याने आधी तीस वर्षं गप्प बसून दाखवावं.

ठिकाण: जयनगर, बेंगळूर
तारीख: शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: कृष्णात मल्लाप्पा चौगुले (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली:
साक्षीदार १: हयवदन कट्टी, गायक (सही)
साक्षीदार २: डॉ. सौम्या, एम.बी.बी.एस. (सही)

खाडाखोडीचा खुलासा. वाचन प्रणिताने केलं. पाचवं कलम संपलं तेव्हा हयवदन उठून खिडकीपाशी गेला. मला वाटलं, जाणार. त्याने बाहेर बघतच विचारलं, "महांतेशला माहीत होतं?" मी हो म्हणालो. "आणि वहिनीला?" मी तिच्याकडे बघितलं. धनलक्ष्मी उठली आणि कपाटावरची पेटी खाली काढू लागली. डॉक्टर सौम्यांनी हात लावला. धनलक्ष्मीने पांढरी दोन धरली. हयवदनने खिडकीपाशीच पहिली ओळ म्हटली, बसक्या आवाजात, सावकाश, आणि न ताणता पूर्ण केली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सही कुठं करायची ते दाखव, बदमाशा." त्यानंतर रविकिरणला फोनही त्यानेच लावला. रविकिरण जिना चढत असल्याचा आवाज प्रणिता म्हणते आत्ता येतोय.

सही करून झाल्यावर धनलक्ष्मी म्हणाली, "अहो, ते दुसरं कलम तसंच ठेवणार? लबाड म्हणवून घ्यायला चालतंय, आणि हे नाही होय?"

म्हणून: कलम २ मधील शेवटच्या वाक्यातील 'फक्त मला, त्याच दुपारी, लगेच ऐकू आले' हे शब्द खोडले असे समजावे, बाजूला माझी आणि दोन्ही साक्षीदारांची लघुस्वाक्षरी आहे. कॅसेट बाजारात आल्यावर आठ महिन्यांनी धनलक्ष्मी स्वयंपाकघरात ती लावून पेटीवर साथ करत होती. बाकीची सगळी गाणी पेटीशी जुळतात आणि हे एकच का जुळत नाही, असं तिने विचारलं. तोपर्यंत मला काहीही ऐकू आलेलं नव्हतं.