मामांच्या नावावर खपवलेले भोपळे

तीर्थस्वरूप मामांस तुमच्या सर्वांत भटक्या भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकणं आता चांगलं जमतं, दिवसभर तेच करतो, परत सरळ व्हायला मात्र कुंपणाचा आधार लागतो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? दुकानात घड्याळं येतात का दुरुस्तीला, की लोक आता वेळ फोनवरच बघतात? मी बरा आहे. बरा म्हणजे मान आणि कान भाजलेत, नखांतली माती कुठल्याच साबणाला दाद देत नाही, आणि काल दुपारी उभ्या उभ्या डुलकी लागून टोमॅटोच्या काठीवर कपाळ आपटलं. पण त्याला इथे आजार म्हणत नाहीत, उन्हाळा म्हणतात. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही माझं अर्धं ऐकता आणि उरलेलं स्वतःच बोलता. शुद्धलेखनाकडे बघू नका. मी शाळा किती वर्षं केली आणि त्यातली किती शाळेच्या आत केली, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तर पहिली गोष्ट, नोकरी अजून आहे. गॅरेज, बेकरी, छापखाना, गोदाम आणि ती बोटीवरची (जिच्याबद्दल बोलायचं नाही असं आपलं ठरलंय), त्यानंतर ही सहावी. ‘हीसुद्धा सोडलीस तर माझ्या दारात चपला काढायच्या नाहीत,’ असं तुम्ही बजावलं होतं, ते लक्षात आहे. हॉटेल छत्तीस खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर भाजीची बाग आहे आणि ती माझ्या गळ्यात आहे. मला घेताना विचारलं, बागकाम येतं का? मी हो म्हणालो. (बेकरीतही हो म्हणालो होतो.) पुढच्या दारावर पाटी आहे, की उन्हाळ्यात इथली भाजी सकाळी वेलीवर आणि दुपारी ताटात. पाटी रंगवणारा रंगवून निघून गेला. सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये मी एकटा आहे.

उजाडायच्या आत पालेभाजी खुडायची, कारण ऊन लागलं की ती मान टाकते. मग काकड्या, मग शेंगा. शेंगा शेफला एका लांबीच्या लागतात. (शेफ म्हणजे इथला मुख्य आचारी. उंच, बारीक, आणि मीठ कमी पडल्यासारखं तोंड.) लांब झाली तर म्हणतो जून, आखूड असली तर म्हणतो घाई केलीस. मी म्हणालो, तुम्हीच वेलीशी एकदा बोलून घ्या. त्यावर त्याने त्या दिवशीचे सगळे कांदे मला सोलायला दिले. पाणी घालायचं ते सकाळी आणि संध्याकाळी, मधल्या वेळात गवत काढायचं. ते गवत पाणी न घालता, कुणी कौतुक न करता इतकं जोमाने वाढतं, की पाटीवर त्याचंच नाव लिहायला हवं होतं.

आता मुद्दा. भोपळ्याचे वेल मी चौदा लावले होते, लाल भोपळ्याचे. फुलं आल्यावर शेफ खूश. ताटात सूपच्या वाटीशेजारी एक पिवळं फूल ठेवायचं असं त्याच्या डोक्यात आलं. पण नुसतं फूल ताटात आडवं पडतं, आणि ज्या फुलाच्या खाली सुपारीएवढी गोळी असते ते ऐटीत उभं राहतं. म्हणून हुकूम निघाला, की गोळीवालीच आण. मी महिनाभर रोज पहाटे वेलावेलावर फिरून गोळीवाली फुलं शोधून शोधून कापली. एकही सुटू दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम मन लावून केलं मामा, आणि ते हे!

महिना उलटला तरी भोपळा नाही. शेफ म्हणाला माती वाईट. मी खत घातलं. शेफ म्हणाला पाणी वाईट. शेवटी भांडी घासणाऱ्या बाई मागच्या दारात हात पुसत उभ्या होत्या, त्यांनी माझ्या टोपलीत डोकावलं आणि म्हणाल्या, “अरे येड्या, ती गोळी म्हणजेच भोपळा की! रोज बारशाआधीच पोरं पळवतोस आणि वर विचारतोस घर रिकामं का?” मी म्हणालो, मग आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, “मला वाटलं मोठ्या हॉटेलात असंच करत असतील.”

त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी शेफला सुनावलं होतं, की बागेतून सूपपुरता भोपळाही निघत नसेल तर सपाट करू, गाड्या लावायला जागा होईल. रविवारी त्या पाहुण्यांना घेऊन बाग बघायला येणार होत्या. खरं सांगतो, मी पिशवी भरली. बसथांब्यापर्यंत गेलोही. तिथे बसल्यावर आठवलं, की शेंगांना पाणी द्यायचं राहिलंय आणि दुपारपर्यंत त्या जळतील. म्हटलं पाणी घालू आणि मग जाऊ. पाणी घालेस्तोवर बस गेली.

मग मी आणि शेफने (तोही यात आहे, त्याला साधा समजू नका) बाजारातून अकरा भोपळे आणले, पानांखाली ठेवले आणि देठ हिरव्या दोऱ्याने वेलांना बांधले. बाजारातला माणूस प्रत्येक भोपळ्यावर निळ्या खडूने वजन लिहितो. दहा मी पुसले. नेमका अकरावा रविवारी मालकीणबाईंनी उचलला.

“सहा किलो चारशे? हे काय आहे?”

शेफ आभाळाकडे बघायला लागला. मी म्हणालो, बाई, आम्ही वाढत्या मालाचं वजन लिहून ठेवतो. “वेलीवर असताना वजन कसं करतोस?” नजरेने, म्हणालो. तेवढ्यात दोरा सुटून देठ त्यांच्या हातात आला. मी म्हणालो, पिकला की आपोआप सुटतो. बाईंनी तिथेच काटा मागवला. सहा किलो चारशे बरोबर भरलं, भरणारच, बाजारवाला प्रामाणिक माणूस आहे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मामा, त्या टाळ्या मला फार महागात पडल्या. बाईंचा आता हुकूम आहे, की बागेतल्या प्रत्येक फळभाजीवर रोज वजन लिहायचं, पाहुण्यांना आवडतं. म्हणजे आता मी उजाडताच हळूच काटा घेऊन जातो, प्रत्येक काकडी खालून तोलतो आणि खडूने आकडे काढतो. वांग्यावर निळा दिसत नाही, त्याला पांढरा. टोमॅटोवर खडू चालत नाही, त्यांच्या देठाला चिठ्ठ्या. संध्याकाळच्या पाण्यात सगळं धुऊन जातं. पाहुणे येऊन माझी परीक्षा घेतात. एकाने बॅग पुढे केली. एक गृहस्थ पोट सावरत स्वतःच उभे राहिले, म्हणाले सांग बघू. मी वीस किलो कमी सांगितलं. ते तीन दिवस जास्त राहिले आणि सगळ्या जेवणाला आले.

गाड्यांचा विषय सध्या मागे पडलाय. पण बाईंनी विचारलं, हे शिकलास कुठे? आणि तोंडातून निघून गेलं, की माझ्या मामांकडे, ते या विषयातले जुने जाणकार. (तुमच्या हातून कुंडीतली कोथिंबीर वाळली होती हे मला आठवतं. पण त्या क्षणी दुसरं कुणी आठवलं नाही.) झालं. येत्या पंधरा तारखेला तुम्हाला बोलावलंय. खोली, जेवण, येणं-जाणं सगळं हॉटेलचं. तुम्ही पाहुण्यांसमोर बाग बघून चार शब्द बोलायचे, आणि पुढच्या वर्षी बाग ठेवायची की नाही ते बाई त्यानंतर ठरवणार. तुम्ही आला नाहीत तर मी थापाड्या ठरणार. आलात तर दोघेही ठरण्याची शक्यता आहे, पण निदान सोबत होईल.

मी थकलोय मामा. पाठ, मान, आकडे सगळ्यांनी थकलोय. काय ते तुम्हीच ठरवा. मोठ्यांना नमस्कार.

तुमचा, या महिन्यापुरता तरी नोकरीत असलेला,
भाचा

ता. क. १ : येताना घड्याळाचं ते डोळ्याला लावायचं भिंग आणा. पानाकडे भिंगातून बघून नुसतं ‘हं’ म्हटलंत तरी पुष्कळ. कुणी खोदून विचारलं तर ‘ते मातीवर आहे’ म्हणा. शेफ गेली वीस वर्षं त्यावरच निभावतोय.

ता. क. २ : वजन मात्र कुणाचंही सांगू नका.

ता. क. ३ : मामी, पत्र तूच वाचून दाखवत असशील. इथे मामांना ‘संपलं’ म्हण, आणि पुढचं मनात वाच. परसात भोपळे तू लावतेस, मामा फक्त ते मोजतात. त्या भांडी घासणाऱ्या बाईंनी सांगितल्यापासून मी रोज पहाटे रंगाच्या ब्रशने एका फुलातली पूड दुसऱ्यात लावतोय. सात धरलेत. माझे स्वतःचे, दोरा नसलेले. शेफला सांगितलं नाही, तो ताटात ठेवेल. सर्वांत मोठा मुठीएवढा झालाय. पण कालपासून त्यातला एक टोकाशी पिवळा पडून मऊ लागतोय. पाणी जास्त होतंय की कमी? खाली गवत घालू का? काढून टाकू का? मामा आले नाहीत तरी चालेल, मालकीणबाईंना मी सांगेन काहीतरी. उत्तर मात्र आजच पाठव, बाकीचे सहा अजून घट्ट आहेत.