झिपरीची ऊब

मारेगाव, ऑक्टोबर २०१७

प्रिय अनघा,

रामलालच्या हातून आईचं पत्र आलेलं पाहून तू दचकशील, म्हणून आधीच सांगते, मी धडधाकट आहे. तो आज सकाळीच ट्रक घेऊन निघतोय, संध्याकाळपर्यंत हैदराबादला तुझ्या दारात येईल. त्याला चहा दे, आणि हे शेवटपर्यंत वाचून झाल्याशिवाय फोनला हात लावू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. अर्धं ऐकलंस की लगेच बाबांनाच फोन लावशील, ते हसून उडवून लावतील आणि तुला ते पटेल. झिपरीचं बरं नाही हे मी तुला गेल्या आठवड्यात सांगितलं होतं. बाबांचंही बरं नाही. ते मला तुला सांगू देत नाहीत.

तुझ्या नव्या फ्लॅटमध्ये जनावर चालत नाही म्हणून तू ही मांजर आमच्या गळ्यात बांधलीस, तेव्हा टोपलीचं झाकण उघडून मी घाबरलेच होते. अंगावर ते आखूड, वळ्यावळ्यांचे केस, वटवाघळासारखे कान, मिशा तर कुणी कात्रीने कापल्यागत. कांताबाईने हातातली भांडी खाली ठेवून विचारलं होतं की हे मांजर व्हय का मेंढराचं पिल्लू. तू ठेवलेलं ते 'मोका' नाव बसस्टँडवरच राहिलं, बाबांनी त्याच मिनिटाला तिला झिपरी करून टाकलं. तू बजावलेलं सगळं मी पाळलं हो. फणी फिरवली नाही, केस तुटतात म्हणून. कोमट पाण्याने आंघोळ घातली आणि लगेच कोरडी केली. कानात मळ साचतो तो कापसाने पुसला. दूध-भात झाकून ठेवला, कारण ही खादाड बया पोळीसुद्धा सोडत नाही. केस विरळ म्हणून तिला थंडी लवकर वाजते, हेही तू सांगितलं होतंस. एक मात्र सांगायचं विसरलीस, की हिला माणसाशिवाय करमत नाही. बाकीची मांजरं आपल्या तोऱ्यात कोपरा धरून बसतात. ही खांद्यावर चढून आपण काय करतोय ते बघत बसते. आणि खांदा तिने बाबांचा निवडला. ज्या माणसाने उभ्या जन्मात अंगणात कुत्रं उभं राहू दिलं नाही, तो गळ्यात मांजर घालून पेपर वाचू लागला. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आता कपाशीचं ऐक. निवृत्तीनंतर बाबांनी बंजाऱ्यांच्या तांड्याजवळचं ते वावर हौसेने घेतलं आणि तांड्यातल्याच जीवनला अर्ध्या वाट्याने करायला दिलं, हे तुला माहीत आहे. यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली आहे. पंपाची नळी वर धरून फवारावं लागतं आणि औषधाचा सगळा तुषार परत आपल्याच तोंडावर येतो. पोळ्यानंतर जीवन फवारता फवारता तासातच कोसळला. तो अजून यवतमाळच्या दवाखान्यात आहे. नजर परत आलेली नाही. वॉर्ड अशाच माणसांनी भरलाय म्हणतात. त्या दिवशी वारं सुटलं होतं आणि जीवन नको म्हणत होता. बाबांनीच त्याला सांगितलं होतं की नीट काळजी घेतली तर काही होत नाही. त्यानंतर तांड्यातलं कुणी पंपाला हात लावेना. तेव्हा बाबा तांड्याचे प्रमुख देवसिंग नाईक यांच्या दारात, चारचौघांसमोर बोलून आले की मी स्वतः फवारून दाखवतो. आणि खरंच पाठीवर पंप घेऊन निघाले. ऑफिसात फायलीसुद्धा शिपायाकडून उचलून घेणारा माणूस!

फवारणीचे कपडे इथे सगळेच वेगळे ठेवतात. एक जुना शर्ट, एक पायजमा, तोंडाला बांधायचा दुपट्टा. ते घरच्या धुण्यात घालायचे नाहीत, नाहीतर सगळंच धुणं बाधतं. मग फवारणी संपेपर्यंत तेच तसेच वाळत टाकायचे आणि तेच पुन्हा घालायचे. बाबा ते व्हरांड्यातल्या खुर्चीवर टाकत. दुपारी त्या खुर्चीवर ऊन येतं. झिपरीला तिथे ऊबही मिळाली आणि तिच्या माणसाचा वासही. ती त्या शर्टात गुंडाळून झोपायची आणि उठली की तासन्तास अंग चाटत बसायची. मग लाळ गळायला लागली, मान लटपटायला लागली. आंघोळ घातली की दोन दिवस बरी, मग परत तेच. इकडे बाबांच्या शर्टाची बटणं एक घर सोडून लागायला लागली. चहात साखर समजून मीठ घातलं. पंख्याखाली बसूनही घामाने ओले, सारखे उठून थुंकायला जायचे. मी म्हणत होते, चष्म्याचा नंबर बदलून घ्या, म्हातारे झालात.

परवा सुखीबाई, जीवनची आई, दवाखान्यातून घरी आली होती, ती जाताना आमच्याकडे टेकली. पायरीवर झिपरी पडलेली होती. सुखीबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"माह्या जीवनले बी आधी अशीच लाळ सुटलती, बाई," ती म्हणाली. बोलली मला, पण बघत होती बाबांकडे. बाबा उठून आत निघून गेले.

मी झिपरीला पदरात घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जन्मात कुरळं मांजर पाहिलेलं नव्हतं, आधी हसले. मग तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि त्यांचं हसू गेलं. घरी फवारणी कोण करतं, विचारलं. मी सांगितलं.

"वहिनी, त्यांचे डोळे पाहिले का?"

घरी आले तर बाबा मधल्या खोलीत अंधारातच बसले होते. मी जवळ जाऊन पाहिलं. अंधारात बुबुळाच्या मधला काळा ठिपका पसरायला हवा, तो मोहरीएवढा होता, झिपरीचा होता तस्सा. मी ते कपडे पोत्यात भरून फेकले, त्यांनी दुसरा शर्ट काढला. मी यवतमाळला चला म्हणाले, ते अंगावर ओरडले. डॉक्टर स्वतः घरी आले, तर त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मी पाया पडायचीच बाकी होते, तेव्हा एवढंच म्हणाले, "जीवनच्या शेजारच्या खाटेवर जाऊन झोपू का मी? त्याच्या आईसमोर?" अर्धं वावर राहिलंय आणि उद्या सकाळी ते परत पंप घेऊन जाणार आहेत. डॉक्टर म्हणतात, आता एक फवारणीही अंगावर आली तर मी काही सांगू शकत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. झिपरी आज पहाटे गेली. डॉक्टरांच्या इंजेक्शनानेही तगली नाही. रडू नकोस, निदान आज रडू नकोस. बाबा उठायच्या आत मी आणि कांताबाईने तिला मागच्या कडुलिंबाखाली पुरलं. रिकामी टोपली बघवेना, म्हणून मी तिच्यात तुझी लहानपणची ती गाठीगाठींची लोकरीची शाल घडी करून ठेवली. मला कुणाला फसवायचं नव्हतं. बाबा बाहेर आले, खुर्चीचा हात चाचपत बसले, आणि टोपलीत हात घालून त्या शालीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "झोपली आहे. झोपू दे, उद्यापर्यंत बरी होईल." त्यांना दिसलं नाही, अनू, आणि बोटांनाही कळलं नाही. ते यवतमाळला माझ्यासाठी येणार नाहीत, स्वतःसाठी तर नाहीच नाही. पण तुझ्या मांजरीसाठी येतील. आज संध्याकाळीच त्यांना फोन कर आणि नेहमीच्या आवाजात, रागावून सांग की माझ्या मांजरीला आत्ताच्या आत्ता यवतमाळला मोठ्या डॉक्टरकडे न्या. त्यांची तब्येत विचारू नकोस. गुरांच्या डॉक्टरांची जीप तयार आहे आणि त्यांनी बाबांसाठी माणसांच्या दवाखान्यातही सांगून ठेवलंय. मी टोपलीचं झाकण दोरीने बांधून त्यांच्या मांडीवर देईन. तिथे पोचेपर्यंत त्यांनी ते उघडू नये, एवढं मी बघते.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई